परग्रहावरचं गाजर

हाउसिंग सोसायटीच्या गणेशोत्सवात प्रश्नमंजूषा ठेवायची म्हटली की तिच्यातला सगळ्यात अवघड प्रश्न स्पर्धेच्या आधीच, कमिटीच्या बैठकीत विचारला जातो: विषय काय? या प्रश्नाला बझर नसतो, वेळेची मर्यादा नसते आणि पर्याय चारपेक्षा बरेच जास्त असतात. शेवटी जो विषय ठरतो तो सगळ्यांना आवडलेला असतो असं नाही. त्याच्यावरून कुणी रुसून उठून गेलेलं नसतं, एवढंच.

यंदा आमच्याकडे दोन पक्ष पडले. ए विंगमधल्या आयटीवाल्या पोरांना सायन्स फिक्शनचे अभिजात सिनेमे हवे होते. अभिजात म्हणजे त्यांच्या जन्माच्या आधीचे. महिला मंडळाला उपयुक्त वनस्पती हव्या होत्या, कारण काही बक्षिसं कोपऱ्यावरचा नर्सरीवाला देणार होता आणि त्याला दुखवून चालणार नव्हतं. आमचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी दोन्ही विषयांचं संयुक्त खातं उघडून दिलं: एकच स्पर्धा, दोन्ही विषय, आणि शेवटची फेरी दोन्ही विषयांच्या संगमाची. प्रश्न काढण्याचं काम एकमताने माझ्यावर सोपवण्यात आलं, कारण बैठकीला मी गेलो नव्हतो.

प्रश्नमंजूषेचं वेड आपल्याकडे तसं अलीकडचं. नील ओब्रायन यांनी १९६७ मध्ये कोलकात्यात एका चर्चच्या सभागृहात खुली स्पर्धा घेतली, तिथून ते सुरू झालं असं मानतात. १९८५ मध्ये सिद्धार्थ बसू ‘क्विझ टाइम’ घेऊन दूरदर्शनवर आले आणि २००० सालापासून अमिताभ बच्चन यांनी ‘खात्री आहे ना?’ असं पुन्हा पुन्हा विचारून भल्याभल्यांना स्वतःच्या आडनावाविषयी शंकेत पाडलं. या सगळ्या काळात एक नियम मात्र कुणी मोडला नाही: कार्डावर लिहिलंय तेच उत्तर. बाहेरच्या जगात त्याचं काय व्हायचं ते होवो.

हे कार्ड किती बलवान असतं याचा दाखला कॅनडात सापडतो. ख्रिस हेनी आणि स्कॉट ॲबट या दोन पत्रकारांनी १९७९ मध्ये मॉन्ट्रियलला ‘ट्रिव्हियल परस्यूट’ हा खेळ काढला. त्यात एक प्रश्न होता: टीव्हीवरच्या कोलंबो या डिटेक्टिव्हचं पहिलं नाव काय? कार्डावरचं उत्तर: फिलिप. हे नाव फ्रेड वर्थ नावाच्या गृहस्थाने आपल्या सामान्यज्ञानाच्या कोशात मुद्दाम खोटं घालून ठेवलं होतं, कुणी चोरून उतरवलं तर पकडता यावं म्हणून. चोर पकडला गेला. वर्थने १९८४ मध्ये ३० कोटी डॉलरचा दावा ठोकला आणि तो हरला, कारण नुसत्या माहितीवर कुणाची मालकी नसते. ज्याने कोश लिहिला तो हरला, ज्यांनी तो उतरवला ते जिंकले. आमच्या शाळेत नेमकं उलटं सांगून ठेवलं होतं.

तर स्पर्धा सुरू झाली. पोरांच्या संघाचं नाव आकाशगंगा, महिला मंडळाच्या संघाचं कल्पवृक्ष. कल्पवृक्षात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू होत्या, मूळच्या अलिबागकडच्या एक वहिनी होत्या आणि बी विंगमधल्या आजी होत्या. आजींना आरतीनंतर तिथेच बसायचं होतं. बसायला चांगली खुर्ची फक्त संघाच्या टेबलामागे शिल्लक होती, म्हणून त्या स्पर्धक झाल्या.

पहिली फेरी सिनेमांची. सायन्स फिक्शनच्या भक्ताला उत्तर येत असतं, पण नुसतं उत्तर देणं त्याच्या जिवावर येतं. त्याला तळटीप जोडायची असते. मी विचारलं, “१९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मधला हॅल ९००० हा संगणक कधी सुरू झाला?”

“सिनेमातली तारीख हवी की कादंबरीतली?” आकाशगंगेचा चष्मेवाला म्हणाला.

“दोन आहेत?” सेक्रेटरींनी विचारलं. बँकेच्या माणसाला दोन तारखा आवडत नाहीत.

होत्या खऱ्या. दोन्हीकडे १२ जानेवारीच. पण स्टॅन्ली कुब्रिकच्या सिनेमात साल १९९२ आणि आर्थर क्लार्कच्या कादंबरीत १९९७.

“शाळेत घालताना वय कमी लावलं असणार,” आजी म्हणाल्या. “आमच्या धाकट्या दिरांचं असंच होतं. पाच वर्षं उशिरा रिटायर झाले.”

“बारा जानेवारी?” काकूंना वेगळंच काही आठवलं. “म्हणजे जिजाऊ जयंतीला? पुढे काय केलं त्याने?”

यानातली माणसं मारली, असं आकाशगंगेने सांगितलं. “दिवस एवढा चांगला, आणि निघाला असा!” काकू म्हणाल्या. गुण आकाशगंगेला मिळाला, टाळ्या मात्र काकूंना.

मग आला ‘ब्लेड रनर’. १९८२ चा सिनेमा. गोष्ट नोव्हेंबर २०१९ मधल्या लॉस एंजलिसची. त्यात उडत्या मोटारी आहेत, न थांबणारा पाऊस आहे आणि माणसासारखे दिसणारे कृत्रिम जीव आहेत. समोरचा खरा माणूस आहे की बनावट, हे ओळखायला त्यात यंत्र लावून प्रश्न विचारतात आणि डोळ्यांची बाहुली कशी हलते ते पाहतात. प्रश्नमंजूषेचा इतका गंभीर उपयोग दुसऱ्या कुणी केल्याचं मला माहीत नाही. सेक्रेटरींना ही कल्पना फार भावली. पुढच्या वेळी नवे भाडेकरू घेताना असं यंत्र मिळेल का, असं त्यांनी हळूच विचारलं.

पोरांनी ही फेरी सहज खिशात घातली. त्यांना काय येत नव्हतं! ‘फॉरबिडन प्लॅनेट’मधल्या रोबोचं नाव रॉबी, तो सिनेमा १९५६ चा. ‘मेट्रोपोलिस’ १९२७ चा, फ्रिट्झ लांगचा. दारा सिंगांना नायक करून आपल्याकडेही ‘चाँद पर चढाई’ १९६७ मध्येच झाली होती, म्हणजे नील आर्मस्ट्राँगच्या दोन वर्षं आधी; तेही त्यांना पाठ. ही तीच पोरं, ज्यांच्या आया त्यांना कोथिंबीर आणायला पाठवताना सोबत व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात, आणि तरीही पिशवीतून मेथी निघते.

दुसरी फेरी वनस्पतींची. इथे अडचण उलट होती. वनस्पतींच्या जाणकारालाही उत्तर येत असतं, पण तो ते नावाने देत नाही, कामाने देतो. मी पडद्यावर अडुळशाचा फोटो दाखवला.

“खोकल्याचा पाला,” आजी तत्काळ म्हणाल्या.

“नाव सांगा, आजी.”

“नावाने काय खोकला जातो? ठसका आला तर पानं वाफवून रस काढ, मध घाल. तान्ह्या पोराला मात्र मध द्यायचा नाही हो.”

कार्डावर ‘अडुळसा’ असं लिहिलेलं होतं. आजींचं उत्तर त्याच्या कितीतरी पुढे गेलेलं होतं. अडुळशाच्या पानात व्हॅसिसीन नावाचं द्रव्य असतं आणि त्याच्याच धर्तीवर ब्रोमहेक्सिन हे खोकल्याच्या बाटलीतलं औषध तयार झालं, हे पाहता औषध कंपन्याही आजींच्याच मागून चालत होत्या. तरी नियम तो नियम. सेक्रेटरींनी अर्धा गुण दिला. त्यांच्या मते ही ऐतिहासिक सवलत होती.

मग विचारलं, सदाफुली मूळची कुठली? “आमच्या गॅलरीतली,” काकू म्हणाल्या. कार्ड म्हणालं, मादागास्कर. जिला पाणी घातलं नाही तरी चालतं, जी नाल्याच्या भिंतीतूनही उगवते आणि जिच्याकडे देवपूजेपुरतंच लक्ष जातं, ती सदाफुली हिंदी महासागर ओलांडून आलेली आहे. मधुमेहावर तिचा काढा घेतात असं ऐकून कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी १९५० च्या दशकात तिचा अर्क उंदरांना दिला. साखर काही हलली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन हाती लागलं, पाठोपाठ व्हिन्क्रिस्टिन आलं, आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही त्याचा उपयोग होतो. हे मी वाचून दाखवल्यावर सभागृह क्षणभर गप्प झालं. मग काकूंनी कार्यालयीन सुरात विचारलं, “म्हणजे आम्ही ती कुंडी जिन्यातून हलवायची की नाही? कमिटीची नोटीस आली होती.” सेक्रेटरींनी नोटीस जागेवरच मागे घेतली.

बांबू झाड की गवत? हा प्रश्न मी सोपा म्हणून ठेवला होता. आकाशगंगेने ‘गवत’ सांगितलं, जे वनस्पतिशास्त्राप्रमाणे बरोबर आहे. तेवढ्यात प्रेक्षकांतून एका वकील सभासदांनी हात वर केला. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडांत केलेली होती, आणि त्यामुळे शेतात लावलेला बांबूदेखील तोडायचा किंवा वाहून न्यायचा तर परवानग्यांचं लचांड मागे लागे. २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि बांबू कायद्याच्या त्या व्याख्येतून बाहेर पडला. म्हणजे नव्वद वर्षं बांबू शास्त्रात गवत होता आणि कचेरीत झाड. “हॅलसारखंच झालं की,” चष्मेवाला म्हणाला. “कोणत्या सालचं उत्तर हवंय ते आधी सांगा.” आजींनी मान वर करून मंडपाच्या बांबूंकडे पाहिलं आणि आपण गवताखाली बसलो आहोत या माहितीने खुर्ची थोडी पुढे ओढली.

खरा भडका उडाला तो साबुदाण्याच्या खिचडीवरून. प्रश्न होता: एकादशीच्या खिचडीतला कोणता पदार्थ अमेरिका खंडातून आलेला नाही? साबुदाणा आपल्याकडे टॅपिओकाच्या कंदापासून करतात, तो कंद दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचाच. बटाटा अँडीज पर्वतातला. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली. जोडीला रताळ्याचा कीस केला तर तेही त्याच खंडातलं.

“मग आपलं काय उरलं?” वहिनींनी विचारलं.

“तूप,” मी म्हणालो. “आणि मीठ.”

पहिल्या रांगेतले एक आजोबा उभे राहिले. “म्हणजे इतकी वर्षं आम्ही पंढरीचा उपास पेरूच्या मालावर करतोय?” ते फळातला पेरू म्हणाले की देशातला, हे कुणाला नीट कळलं नाही, पण दोन्ही अर्थांनी त्यांचं बरोबर होतं, कारण पेरूचं फळही अमेरिकेतूनच आलेलं आहे. त्यांना शांत करायला सीताफळ तरी आपलं ना, असं कुणीतरी विचारलं. मी कार्ड उलटं ठेवलं. सीतामाईंचं नाव लागलेलं फळही तिकडचंच निघालं असतं, आणि विसर्जनाला अजून चार दिवस होते.

हळदीचा प्रश्न मात्र सगळ्यांच्या अंगावर मूठभर मांस चढवून गेला. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक. संस्थेने आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. हे सगळ्यांना माहीत असतं. गंमत पुढे आहे. पेटंट रद्द व्हायला छापील पुरावा लागतो. प्रत्येक घरात आई पोराच्या गुडघ्यावर हळद दाबते, हा पुरावा चालत नाही. म्हणून जुने ग्रंथ काढावे लागले, १९५३ मधला एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख काढावा लागला. “म्हणजे त्यांनाही कार्डावरचंच उत्तर हवं होतं,” आजी म्हणाल्या आणि मघाच्या अर्ध्या गुणाकडे बघत राहिल्या. सेक्रेटरी उठून पंखा वाढवायला गेले.

दोन फेऱ्यांनंतर गुण जवळपास सारखे. आता उरली संगमाची फेरी: ज्यात वनस्पती काम करतात असे सिनेमे. तसे ते बरेच आहेत. सिनेमावाल्यांना बिचाऱ्या झाडाची भीती फार जुनी आहे.

आरंभ झॉर्झ मेलिएसच्या १९०२ च्या ‘अ ट्रिप टू द मून’पासून. चंद्राच्या डोळ्यात रॉकेट घुसलेलं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याच सिनेमात चंद्राच्या पोटात प्रचंड अळंब्या उगवलेल्या आहेत आणि एक प्राध्यापक आपली छत्री जमिनीत रोवतो, तर तिचीही अळंबी होऊन ती वाढायला लागते. प्रश्न विचारून होण्याआधी आकाशगंगेने हरकत घेतली: अळंबी ही वनस्पती नाही, ती कवकांत मोडते, प्रश्नच बाद. वहिनींनी प्रतिहरकत घेतली: मग पावसाळ्यात बाजारात ती भाजीवाल्याकडे का मिळते? हरकत आणि प्रतिहरकत दोन्ही कार्डावर नव्हत्या, त्यामुळे दोन्ही फेटाळण्यात आल्या.

१९५१ चा ‘द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड’. उत्तर ध्रुवाकडे बर्फात एक परग्रहवासी सापडतो. त्याच्या हाताचा तुकडा तपासतात तर त्यात प्राण्याचं मांस नाहीच. तो चक्क भाजीच्या जातीचा निघतो. तळावरचा पत्रकार त्याची तुलना गाजराशी करतो. गोळ्या त्याला लागत नाहीत, आणि वर तो रक्त पितो. सैनिक हतबल. मी विचारलं, “अशा वेळी या सिनेमातली बाई काय उपाय सुचवते?”

आकाशगंगेत कुजबुज सुरू झाली. लेझर? आम्ल? अणुबॉम्ब?

“उकडा,” काकू म्हणाल्या. त्यांनी सिनेमा पाहिलेला नव्हता.

उत्तर अगदी बरोबर होतं. सिनेमातली ती बाई हेच म्हणते: उकडा, शिजवा, भाजा, तळा. संपूर्ण तळावर शास्त्रज्ञ आहेत, लष्कर आहे, आणि भाजीचं काय करायचं हे एकटीला सुचतं. पुढे सैनिक आपल्या शिस्तीप्रमाणे आधी रॉकेल ओतून पेटवून बघतात, मग विजेचा सापळा लावून त्याला भाजतात. म्हणजे कृती तिचीच, फक्त गॅसऐवजी शेगडी विजेची. काकूंना पूर्ण गुण.

१९६२ चा ‘द डे ऑफ द ट्रिफिड्स’. जॉन विंडमच्या १९५१ च्या कादंबरीवरून काढलेला. ट्रिफिड ही चालणारी, डंख मारणारी झाडं. कादंबरीत माणसं ती मुद्दाम लावतात, कारण त्यांच्यापासून उत्तम तेल मिळतं. उपयुक्त वनस्पतीच की. सिनेमात जगभरची माणसं उल्कांची रोषणाई बघून आंधळी होतात आणि झाडं मोकाट सुटतात. शेवटी त्यांचा नाश कशाने होतो?

“समुद्राच्या पाण्याने,” अलिबागच्या वहिनींनी बझरला हातही न लावता सांगितलं. “खाडीचा बांध फुटून खारं पाणी शिरलं की शेताचं काय होतं, ते आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक असतं. एवढ्यासाठी इंग्लंडात सिनेमा काढावा लागला?” तेही बरोबर. अख्ख्या मानवजातीला वाचवणारा शोध रायगड जिल्ह्यात तक्रारीचा विषय होता.

१९५६ च्या ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गावात अवकाशातून बिया येतात, त्यांच्या मोठाल्या शेंगा होतात आणि माणूस झोपला की शेंगेतून हुबेहूब त्याच्यासारखा दुसरा निघतो. चेहरा तोच, आवाज तोच. फक्त राग, लोभ, प्रेम काही उरत नाही. “मेंटेनन्स वेळेवर भरतो का?” सेक्रेटरींनी विचारलं. भरत असावा, असं आकाशगंगेचं मत पडलं. सेक्रेटरींनी सिनेमाचं नाव लिहून घेतलं.

‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ १९६० चा. रॉजर कॉर्मनने तो मुख्यतः दोन दिवसांत चित्रित केला, एवढ्या वेळात आमच्याकडे मंडपाचा रंगही ठरत नाही. त्यातलं रोप रक्तावर पोसलं जातं आणि खायला मागतं. “मागतं तरी,” आजी म्हणाल्या. “आमची जास्वंद मुकाट्याने वाळते.”

मग ‘सॉयलेंट ग्रीन’. १९७३ चा सिनेमा, गोष्ट २०२२ मधल्या चार कोटी वस्तीच्या न्यूयॉर्कची. शेती संपली आहे, स्ट्रॉबेरीच्या एका बरणीला दीडशे डॉलर पडतात आणि गरीब जनता कंपनीच्या हिरव्या वड्या खाते. त्या वड्या माणसांपासूनच केलेल्या असतात, हे शेवटी कळतं. हॅरी हॅरिसनच्या ज्या कादंबरीवरून हा सिनेमा निघाला, तिच्यात मात्र तसं काही नाही. तिथे सॉयलेंट म्हणजे नुसतं सोयाबीन आणि मसूर. कल्पवृक्ष संघाला कादंबरीच जास्त पटली. सोयाबीन आणि मसूर एकत्र दळून वड्या घालता येतील का, यावर त्यांच्यात चर्चा सुरू झाली आणि ती थांबवायला बझर वाजवावा लागला.

‘ई.टी.’ सगळ्यांनी पाहिलेला, म्हणून मी आडवा प्रश्न विचारला: १९८२ च्या या सिनेमातला परग्रहवासी पृथ्वीवर कशासाठी आलेला असतो? आकाशगंगेने मैत्री, शांतता, संशोधन असं गोल गोल सांगितलं. खरं तर तो आणि त्याची मंडळी रोपं गोळा करायला आलेली असतात. रात्री जंगलात उतरतात, नमुने उपटतात, यानात नेऊन ठेवतात, आणि माणसांची चाहूल लागताच पळतात. या गडबडीत तो मागे राहतो. एवढं अफाट अंतर कापून आलेला हा प्राणी सोनं बघत नाही, युरेनियम बघत नाही. झाडाची रोपं घेऊन निघतो. आजींनी प्रथमच पडद्याकडे कौतुकाने पाहिलं. “शहाणा आहे. मी नातवाकडे न्यू जर्सीला गेले होते तेव्हा कढीपत्त्याचं रोप नेऊ दिलं नाही मला.”

शेवटचा सिनेमा ‘सायलेंट रनिंग’, १९७२ चा. दिग्दर्शक डग्लस ट्रंबुल, ज्याने ‘२००१’ची दृश्यचमत्कृती केली होती. पृथ्वीवर एकही जंगल उरलेलं नाही. उरलीसुरली झाडं काचेच्या घुमटांत घालून अवकाशयानांवर शनीच्या आसपास ठेवलेली आहेत. त्यांची काळजी घेणारा नायक हा वनस्पतिशास्त्रज्ञ. जंगलं उडवून द्या आणि यानं परत आणा असा हुकूम येतो, तेव्हा तो बंड करतो, सोबत्यांचा जीव घेतो आणि शेवटचा घुमट घेऊन शनीच्या कड्यांतून पळ काढतो. पुढे यानावर तो आणि छोटे यंत्रमानव. त्यांची नावं डोनाल्ड डकच्या पुतण्यांवरून ह्युई, ड्युई आणि लुई. इथवर सभागृह भारावून ऐकत होतं.

“मग झाडं सुकायला लागतात,” मी म्हणालो. “त्याला कारण कळत नाही. पानं तपासतो, माती तपासतो, पुस्तकं काढतो. सांगा, काय झालेलं असतं?”

आकाशगंगेने किरणोत्सर्गापासून गुरुत्वाकर्षणापर्यंत सगळं सांगून पाहिलं.

“ऊन कुठे आहे तिथे?” आजी म्हणाल्या.

तेच होतं. यान सूर्यापासून लांब गेलेलं असतं आणि झाडांना उजेड मिळत नसतो. हे त्या शास्त्रज्ञाला बऱ्याच उशिरा उमगतं, मग तो धावपळ करून दिवे लावतो.

“काय शिकलाय म्हणालास तो?” आजींनी विचारलं.

“वनस्पतिशास्त्र.”

“आणि एवढ्यासाठी माणसं मारली?”

आकाशगंगेची पोरं, ज्यांनी हा सिनेमा कितीदा तरी डोळ्यांत पाणी आणून पाहिला होता, एकमेकांकडे बघायला लागली. हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. सिनेमा त्यांना नावासकट, सालासकट, पुतण्यांसकट पाठ होता. फक्त त्यातली झाडं त्यांनी झाडं म्हणून पाहिली नव्हती.

गुण बरोबरीत आले. टाय-ब्रेकर म्हणून माझ्याकडे एकच प्रश्न उरला होता आणि तो सिनेमातला नव्हता. ३० डिसेंबर २०२४ रोजी इस्रोने पीएसएलव्ही-सी६० सोडलं. त्या रॉकेटच्या शेवटच्या टप्प्यावर एका बंद पेटीत आठ बिया होत्या. त्यांना अवकाशात मोड आले, पुढे पानंही फुटली. बिया कशाच्या?

बझर दोघांनीही दाबला, पण आजींची बांगडी आधी वाजली. “चवळी,” त्या म्हणाल्या. “पेपरात आलं होतं. किती दिवसांत मोड आले रे?”

“चार दिवसांत.”

“चार?” कल्पवृक्ष संघात हलकल्लोळ झाला. “रात्री भिजवून फडक्यात बांधली असती तर दोन दिवसांत उसळ झाली असती!” आणि मग पुढच्याच वर्षी शुभांशु शुक्लांनी अंतराळ स्थानकावर मूग आणि मेथीला मोड आणले, हे कळल्यावर तर काकूंनी इस्रोला पत्र लिहायचं ठरवलं. पत्रात प्रशंसा थोडी आणि सूचना जास्त असणार होत्या.

कल्पवृक्ष जिंकला. पहिलं बक्षीस ए विंगच्याच वर्गणीतून आलेलं होतं: वर्षभराचं ओटीटी सबस्क्रिप्शन. काकूंनी ते घेऊन आधी ‘द थिंग’ शोधला. गाजर नीट उकडलंय का ते त्यांना बघायचं होतं. उपविजेत्यांना नर्सरीवाल्याकडून प्रत्येकी एक कुंडी मिळाली, कढीपत्त्याची. आकाशगंगेची पोरं ती दोन्ही हातांत लांब धरून उभी होती. चष्मेवाल्याने तिला चारही बाजूंनी पाहिलं, खालीही पाहिलं. बटण कुठेच नव्हतं.

“आजी, हिचं करायचं काय?” त्याने विचारलं.

“उजेडात ठेव,” आजी म्हणाल्या, “आणि शनीकडे नेऊ नकोस.”